बघणाऱ्यांचं कोंडाळं

कॅनडातल्या टोरंटो शहरात १९९०च्या दशकात डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग या मानसशास्त्रज्ञांनी प्राथमिक शाळांच्या मैदानांकडे कॅमेरे लावले. मुलांच्या अंगावर छोटे बिनतारी मायक्रोफोन होते, त्यामुळे दुरून दृश्य टिपता येत होतं आणि जवळचं बोलणंही ऐकू येत होतं. मधल्या सुट्टीत एक पोर दुसऱ्याला सतावतं तेव्हा नेमकं काय घडतं, हे मोठ्या माणसांना एरवी दिसतच नाही. मोठं माणूस जवळ आलं की ते थांबतं आणि माणूस पाठमोरं झालं की पुन्हा सुरू होतं.

त्या चित्रफिती मोजून जे निघालं ते वाचून मी थक्क झालो. छळाच्या शंभर प्रसंगांपैकी ८८ प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं हजर होती. म्हणजे दादागिरी आडोशाला, गुपचूप घडते ही आपली समजूतच फार खरी नाही. ती भरल्या मैदानात, प्रेक्षकांसमोर घडते. त्या प्रेक्षकांपैकी कुणी मध्ये पडलं, असे प्रसंग मात्र फक्त १९ टक्के. इथवर मन खट्टू होतं. पण पुढचा आकडा पाहा. कुणी मध्ये पडलंच, तर निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के वेळा, दहा सेकंदांच्या आत छळ थांबला. दहा सेकंद! आणि मध्ये पडणारी ही काही थोराड, दांडगी पोरं नव्हती. पहिली ते सहावीच्या वर्गांतली साधी मुलंमुली होती.

आता परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत, मग ती जिंतूरकडच्या तांड्यावरची असो की पूर्णेजवळच्या गावातली, खिचडी खाऊन झाल्यावर पाण्याच्या टाकीपाशी उभे राहा. ताटल्या धुवायला लेकरांची झुंबड उडालेली असते. एखाद्याची टोपी किंवा दप्तर या हातातून त्या हातात उडत असतं आणि ज्याचं आहे तो रडवेला होऊन मधल्या मध्ये धावत असतो. भोवती कोंडाळं जमतं. आपण मोठी माणसं तिथे पोहोचतो तेव्हा आपल्याला दोनच पोरं दिसतात, एक त्रास देणारं आणि एक रडणारं. पहिल्याला दम भरतो, दुसऱ्याला ‘पोरीसारखा रडू नको’ म्हणतो (किती वाईट वाक्य आहे हे, एकाच दमात मुलग्यालाही दुखावणारं आणि शेजारी उभ्या मुलीलाही). उरलेल्या वीसपंचवीस जणांना ‘चला, वर्गात व्हा’ म्हणून हाकलतो. गेल्या चाळीस वर्षांत या विषयावर जे काम झालं त्याचं सार असं, की आपण ज्यांना हाकललं त्यांच्यापाशीच खरं बळ होतं.

या अभ्यासाची सुरुवात दुःखातून झाली. १९८२च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत शाळकरी वयाच्या तीन मुलांनी आत्महत्या केली, आणि सोबत्यांचा छळ हे त्यामागचं कारण असावं असं पुढे आलं. सगळा देश हादरला. पुढच्याच वर्षी नॉर्वेच्या सरकारने देशभरातल्या शाळांसाठी मोहीम काढली. डॅन ऑल्वेयुस हे स्वीडनमध्ये जन्मलेले मानसशास्त्रज्ञ तेव्हा या प्रश्नावर दहाबारा वर्षं काम करत होते. त्यांनी बर्गेन शहरातल्या ४२ शाळांमधल्या सुमारे २,५०० मुलांसोबत काम केलं आणि दोन वर्षांत छळाच्या घटना जवळपास निम्म्यावर आल्या. दादागिरी म्हणजे काय, याची तीन लक्षणंही त्यांनीच घालून दिली. ती मुद्दाम केलेली असते, पुन्हा पुन्हा होते, आणि दोघांच्या बळात फरक असतो. तिसरं लक्षण शिक्षकांनी नीट ओळखायला हवं. दोन सारख्या ताकदीची पोरं विटीदांडूच्या डावावरून एकमेकांच्या झिंज्या धरतात ते भांडण असतं, उद्या त्यांची बट्टीही होते. पण एकाच्या मागे पाच जण आहेत आणि दुसऱ्याच्या मागे कुणीच नाही, तेव्हा ‘दोघंही एकमेकांची माफी मागा’ हा न्याय नव्हे. ज्याचा छळ झाला त्याच्यावर तो दुसरा अन्याय होतो.

कोंडाळ्याचा शोध लागला तो मात्र फिनलंडमध्ये. तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ साली एक वेगळाच प्रश्न विचारला. त्रास कोण देतं आणि कुणाला होतो, हे सगळेच विचारत होते. त्यांनी विचारलं, बाकीचे तेव्हा काय करत असतात? मुलांकडूनच उत्तरं गोळा केली तेव्हा सगळा वर्गच वेगळा दिसू लागला. काही मुलं त्रास देणाऱ्याची साथीदार असतात, हात धरून ठेवतात, दप्तर पळवतात. काही हात लावत नाहीत, पण हसतात, टाळ्या पिटतात, ‘अजून एकदा’ म्हणतात. काही बाजूला सरकतात, जणू काही घडतच नाही. आणि थोडी मुलं सतावल्या जाणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहतात.

यातली हसणारी मुलं फार महत्त्वाची निघाली. वर्गात दादागिरी करणारा पोरगा पुष्कळदा मनातून पिचलेला, घरचा राग शाळेत काढणारा असतो असं आपण धरून चालतो. काही जण तसे असतातही. पण साल्मिवाली आणि इतरांच्या कामातून दिसलं, की पुष्कळांना वर्गात वजन हवं असतं, आणि ते वजन त्यांना बघणाऱ्यांच्या हसण्यातून मिळतं. जिथे हसणारे जास्त त्या वर्गात छळ जास्त, जिथे बाजू घेणारे जास्त तिथे कमी. टोरंटोच्या चित्रफितींतही हेच दिसलं होतं. आजूबाजूच्या मुलांचा ५४ टक्के वेळ नुसता बघण्यात गेला होता, २१ टक्के वेळ त्यांनी त्रास देणाऱ्यालाच साथ दिली आणि २५ टक्के वेळ सतावल्या जाणाऱ्याला. बघत राहणाऱ्या मुलाला वाटतं, आपण काहीच केलं नाही. पण त्रास देणाऱ्याला हवी असलेली गर्दी त्यानेच तर पुरवलेली असते.

या शोधावर फिनलंडने ‘किवा’ नावाचा कार्यक्रम उभारला आणि २००९पासून तो देशभरातल्या बहुसंख्य शाळांत नेला. त्यातली एक रीत मला फार आवडते. छळाची घटना कळली की शिक्षक दोन्ही बाजूंशी वेगवेगळं बोलतात हे खरं, पण त्याच्या जोडीने ते वर्गातल्या ज्यांचं इतर मुलं ऐकतात अशा दोनचार मनमिळाऊ मुलांना बोलावतात आणि विचारतात, तो सध्या फार एकटा पडलाय, तुम्ही काय करू शकाल? उत्तर मुलांनीच द्यायचं. कुणी म्हणतं, मी शेजारी बसेन. कुणी म्हणतं, आमच्यात खेळायला घेऊ.

शेजारी बसण्यात काय आहे, असं वाटेल. त्यासाठी आणखी एक प्रयोग सांगायला हवा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ किप विल्यम्स एकदा आपल्या कुत्र्याला घेऊन बागेत बसले होते. दोन अनोळखी माणसं प्लास्टिकची तबकडी एकमेकांकडे भिरकावत होती. ती घरंगळत यांच्यापाशी आली, यांनी उठून परत फेकली, त्यांनी यांच्याकडे फेकली आणि खेळ तिघांचा झाला. मग काही न बोलता त्या दोघांनी यांच्याकडे फेकणं बंद केलं. नाव माहीत नसलेली माणसं, मिनिटभराचा खेळ, आणि तरी मन इतकं दुखलं की विल्यम्स यांनी पुढे त्याचाच प्रयोग केला. संगणकावर तीन आकृत्या चेंडू खेळतात, थोड्या वेळाने दोन आकृत्या तिसऱ्याकडे चेंडू टाकणं थांबवतात, एवढाच तो खेळ. २००३ साली नाओमी आयझेनबर्गर यांनी विल्यम्स यांच्यासह हा खेळ माणसांना मेंदूचं स्कॅनिंग सुरू असताना खेळायला दिला. चेंडू येईनासा झाला तेव्हा मेंदूच्या ज्या भागात खळबळ दिसली, तो भाग शरीराला इजा झाली की होणाऱ्या यातनेशीही जोडलेला आहे. दोन्ही दुखण्यांचे मेंदूतले ठसे तंतोतंत एक नाहीत असं पुढच्या संशोधकांनी दाखवलं आहे, पण माणसाला ते दुखतं याबद्दल वाद नाही. २००४च्या एका प्रयोगात तर खेळणाऱ्यांना आधीच सांगितलं होतं की समोर माणसं नाहीत, संगणक चेंडू टाकतोय. तरीही त्यांना वाईट वाटलं! यंत्राने वगळलं तरी जर माणूस दुखावतो, तर जिच्याशी रोज डबा वाटून खाल्ला त्या मैत्रिणीने धरलेल्या अबोल्याचं काय होत असेल?

गंगाखेड, पालम, सोनपेठ या तालुक्यांतली पुष्कळ कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची टोळी निघते आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की माणसं परत येतात. लेकरांपैकी काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीआजोबांजवळ, काही आईबापांबरोबर फडावर जातात. फडावर गेलेलं पोर फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्गात परततं तेव्हा त्याला कुणी मारत नाही, नावंही ठेवत नाही. पण वर्गात सगळ्यांच्या जागा ठरून गेलेल्या असतात, कबड्डीच्या टोळ्या पडलेल्या असतात, हसण्याच्या गोष्टी त्याच्या माघारी घडलेल्या असतात. चेंडू त्याच्याकडे येत नाही. हे तक्रारपेटीत कुणी लिहीत नाही, कारण लिहावं असं काही घडलेलंच नसतं. तांड्यावरून येणाऱ्या, घरी गोरमाटी बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलीचं, उर्दू शाळेतून मराठी शाळेत आलेल्या मुलाचं, कमी ऐकू येणाऱ्या पोराचं असंच होऊ शकतं. जातीचा काटा तर न बोलताही रुतवता येतो, पाण्याच्या ग्लासावरून, बाकावरच्या अंतरावरून.

म्हणून शेजारी बसणं ही लहान गोष्ट नाही. गंगाखेड हे संत जनाबाईचं जन्मगाव. गोदावरीकाठच्या या गावातून लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली आणि दासी म्हणून राबली. तिच्याबद्दलची आपल्याकडची सगळ्यात लाडकी कथा कोणती? विठ्ठलाने तिच्यासाठी कुणाला शिक्षा केल्याची ती नाही. तो येतो, जात्याला हात लावतो आणि तिच्यासोबत दळू लागतो. सातशे वर्षं मराठवाड्यातल्या बायकांनी ही कथा जिवाशी धरली. बाजू घेणं म्हणजे दांडगटाशी दोन हात करणं असं मुलांना वाटतं आणि म्हणून ती घाबरतात. पण जगभरातल्या अभ्यासांत ‘बाजू घेणाऱ्या’ मुलांच्या यादीत ती मुलंही येतात जी मागाहून जवळ जाऊन ‘चल आमच्यासोबत’ म्हणतात. एक जिवाभावाचा मित्र असला तरी छळाचा मनावर होणारा घाव पुष्कळ कमी खोल जातो, असंही दिसलं आहे.

आणि दुसऱ्याच्या मदतीला जाण्याची ही ओढ बाहेरून आणावी लागत नाही, हे तर मला सगळ्यात विलक्षण वाटतं. २००६ साली फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी दीड वर्षाच्या बाळांसमोर कपडे वाळत घालताना चिमटा खाली पाडला आणि तो हाताला येत नाही असं दाखवलं. कुणी मदत मागितली नाही, खाऊचं आमिष दाखवलं नाही. अशा वेगवेगळ्या प्रसंगांत २४ बाळांपैकी २२ बाळांनी निदान एकदा तरी दुडदुडत येऊन मदत केली. मग दहा वर्षांचं पोर टाकीपाशी खिळून का राहतं? मुख्यतः भीतीने. आपणही त्यात सापडू ही एक भीती. दुसरी अधिक चोरटी आहे. बाकी सगळ्यांना हे चालतंय, मलाच एकट्याला खटकतंय, असं प्रत्येकाला वाटत असतं. तीस जण मनातून नाराज असतात आणि तीसही जण गप्प असतात.

ही कोंडी फोडण्याचा एक मोठा प्रयत्न परभणीच्या अगदी शेजारी सुरू झाला. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेणारे शांतिलाल मुथ्था यांनी आपल्या फाउंडेशनमार्फत २००९ साली बीड जिल्ह्यातल्या ५०० जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ सुरू केलं. पुढे राज्य सरकारसोबत ते महाराष्ट्रभर गेलं, परभणीसकट ३४ जिल्ह्यांतल्या सुमारे ६७,००० सरकारी शाळांपर्यंत. संविधानातली न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही मूल्यं लेकरांच्या अंगी कशी बाणवायची, हा त्यामागचा प्रश्न होता. उत्तर असं काढलं की त्यावर भाषण द्यायचं नाही. मुलांनी जोडीजोडीने बोलायचं, गटात चर्चा करायची, एकमेकांच्या मदतीशिवाय जिंकताच येणार नाही असे खेळ खेळायचे, वर्गाचे नियम स्वतः ठरवायचे. जोडीचर्चेत वेगवेगळ्या मुलांशेजारी बसावं लागतं. तीस मुलं मनातलं बोलायला लागली की ‘मलाच एकट्याला खटकतंय’ हा गैरसमज टिकत नाही. बंधुता हा शब्द उद्देशिकेत आपण परिपाठाला रोज म्हणतो. तिचा सराव करायला तासिका हवी, हे मान्य झालं याचं मला मोल वाटतं.

सरकारी पातळीवर नियमांची उणीव नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यावर बंदी आहे, २०२२पासून शाळाशाळांत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या आहेत, तक्रारपेट्या आहेत, १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे. पण पेटी उघडतं कोण, यावर फार काही अवलंबून असतं. गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ माध्यमिक शाळांत केलेला मोठा प्रयोग हेच सांगतो. सचिन शिंदे, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचं ते काम २०१८ साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात आलं. कार्यक्रम साधा होता. परिपाठात मोकळं बोलणं, भित्तिपत्रक, स्पर्धा, मुलांचे गट, मनातलं लिहून टाकायला पेटी आणि गरज पडली तर समुपदेशन. काही शाळांत तो तिथल्याच शिक्षकाने राबवला, काही शाळांत त्यासाठी खास शिकवून तयार केलेल्या स्थानिक माणसाने. ही माणसं पदवीधर मानसोपचारतज्ज्ञ नव्हती. त्यांना ‘सेहर मित्र’ म्हणत. या मित्रांच्या शाळांत वातावरण कमालीचं सुधारलं, मुलांची उदासी कमी झाली, छळही कमी झाला. शिक्षकांनी कार्यक्रम राबवला त्या शाळांत मात्र काहीच फरक पडला नाही.

हा निकाल वाचून शिक्षकांना दोष देणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. आपल्याकडचा दोनशिक्षकी शाळेतला गुरुजी शिकवतो, खिचडीची नोंद ठेवतो, ऑनलाइन माहिती भरतो, निवडणुकीचं काम करतो. शिवाय जो गुण देतो आणि रागावतोही, त्याच्यापाशी मन मोकळं करणं लेकराला जडच जातं. गावात बारावी-पदवी झालेली, काम शोधणारी किती मुलंमुली आहेत! त्यांतली एखादी जर आठवड्यातले काही दिवस नुसती ऐकण्यासाठी शाळेत आली, तर परभणीतही असं घडू शकेल असं मला मनापासून वाटतं.

खर्चाची अडचण असेल तर एक प्रयोग केवळ कागद-पेन्सिलीचा आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एलिझाबेथ लेव्ही पॅलक आणि सहकाऱ्यांनी २०१२-१३ साली ५६ शाळांतल्या चोवीस हजारांहून अधिक मुलांना एक गोष्ट विचारली, शाळेत किंवा शाळेबाहेर तू कुणाकुणाबरोबर वेळ घालवतोस, दहापर्यंत नावं लिही. नावांना नावं जोडत गेल्यावर प्रत्येक शाळेच्या मैत्रीचा नकाशा तयार झाला आणि कुठल्या मुलांकडे सर्वाधिक धागे जातात ते दिसलं. निम्म्या शाळांत वीस ते बत्तीस मुलांचा एकेक गट चिठ्ठ्या टाकून निवडला. त्यांना आदर्श विद्यार्थी व्हा असं सांगितलं नाही. तुमच्या शाळेत कुठल्या कुरबुरी होतात आणि त्यावर काय करता येईल, एवढंच विचारलं. मुलांनी स्वतःच्या घोषणा, स्वतःची पोस्टरं काढली, कुणी चांगलं वागताना दिसलं की त्याच्या हातात केशरी पट्टी बांधली. वर्षभरात या शाळांमधल्या भांडणाच्या, छळाच्या नोंदी सुमारे ३० टक्क्यांनी घटल्या, आणि गटात जास्त धाग्यांची मुलं जितकी अधिक, तितका परिणाम मोठा.

साठ पटाच्या शाळेत हा नकाशा एका तासिकेत काढता येतो. त्यात ज्यांच्याकडे सगळ्यांत जास्त रेघा जातात ती मुलं वर्गमंत्रीच असतील, पहिल्या नंबरचीच असतील असं काही नाही. कुणी मागच्या बाकावरचा, गणितात कच्चा पण सगळ्यांना हसवणारा पोरगा निघेल, कुणी बसमध्ये सगळ्यांसाठी जागा धरणारी मुलगी. आणि कागदाच्या कडेला एखादं नाव असं दिसेल की ज्याच्याकडे एकही रेघ गेलेली नाही. हा कागद मुलांना दाखवायचा नाही, भिंतीवर लावायचा नाही. तो गुरुजींच्या कपाटात राहील. सोमवारी जोड्या पाडताना मात्र त्यातली दोन नावं त्यांना शेजारीशेजारी बसवता येतील.